मुळाचा सांधा पक्का असेल तरच अंगठा राखायचा

बाळाचा अंगठा जन्मतः बारीक, आखूड किंवा लोंबता असला की घरच्यांची नजर त्याच्या आकारावर जाते. हँड सर्जन मात्र अंगठ्याचं मूळ चाचपतो. मनगटालगतचा सांधा स्थिर आहे की डगमगतो, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं.

जर्मन सर्जन ब्लाउट यांनी १९६७ साली अशा अंगठ्यांचे पाच प्रकार पाडले. पहिल्यात अंगठा किंचित लहान असतो, शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. पाचव्यात अंगठाच नसतो. चौथ्यात तो कातडीच्या देठाला लोंबतो आणि हाडाचा हाताशी सांधा नसतो. खरा पेच तिसऱ्या प्रकारात आहे. त्याचे पुढे दोन भाग झाले: ‘अ’मध्ये मुळाचा सांधा शाबूत असतो, ‘ब’मध्ये तळहातातल्या हाडाचं बूडच तयार झालेलं नसतं. इथे एक्स-रे फारसा उपयोगी नाही, कारण मनगटातलं या सांध्याचं छोटं हाड चार-सहा वर्षांपर्यंत मऊ कूर्चेचंच असतं आणि फोटोत उमटत नाही. मग मुलाला खेळताना बघायचं. ते मणी किंवा चुरमुरा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत उचलत असेल, तर त्याच्या मेंदूने अंगठा केव्हाच बाजूला टाकलेला असतो.

दुसऱ्या आणि ‘तीन-अ’ प्रकारात अंगठा राखून दुरुस्ती होते. अंगठा आणि तर्जनीमधली आखूड बेचकी कातडीचे चार त्रिकोणी तुकडे अदलाबदल करून खोल करतात. अनामिकेची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, अंगठ्याकडे वळवून त्याला समोर यायची ताकद देतात आणि तिच्याच टोकाने अंगठ्याच्या मधल्या सांध्याचा तर्जनीकडचा सैल अस्थिबंध बांधतात.

‘तीन-ब’पासून पुढे बहुतेक सर्जन तर्जनीचाच अंगठा करतात. हाम्बुर्गचे डीटर बुक-ग्रामको यांनी थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग आलेल्या मुलांवर काम करताना ही पद्धत घडवली आणि १९७१ साली मांडली. शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन वर्षांच्या वयात होते. तर्जनीच्या तळहातातल्या हाडाचा दांडा काढतात आणि त्याचं डोकं मनगटाशी बसवून नव्या अंगठ्याच्या मुळाचं हाड बनवतात. बोट आधी सुमारे १६० अंश फिरवतात, स्नायू आणि कातडी शिवून झाल्यावर ते १२० अंशांवर स्थिरावतं. शिवाय ते तळहाताच्या पुढे सुमारे ४० अंश काढतात.

चुका बारीक असतात, पण महागात पडतात. हाडाच्या डोक्याजवळचा वाढीचा थर नष्ट केला नाही, तर मूल वाढतं तसा अंगठाही बोटासारखा लांब होतो. हाडाचं हे डोकं मागे झुकवून शिवलं नाही, तर नवा अंगठा मुळाशी मागे वाकतो. मधल्या बोटाकडे जाणारी रक्तवाहिनीची फांदी बांधावी लागते आणि दोन्ही बोटांचा सामाईक मज्जातंतू तळहातापर्यंत उभा चिरून सोडवावा लागतो. हाताच्या पाठीवरच्या शिरा जपल्या नाहीत तर बोट निळं पडतं. अशा वेळी ड्रेसिंग सैल करणं, टाके काढणं यात उशीर चालत नाही. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत घालतात, नाहीतर लहान मूल ते खेचून काढतं. साधारण चार-पाच आठवड्यांनी ते निघतं, मग स्प्लिंट आणि खेळातून व्यायाम.

शस्त्रक्रियेआधी हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्यावीच. अंगठ्याच्या दोषासोबत फॅन्कोनी ॲनिमिया असू शकतो. त्यात रक्तपेशी काही वर्षं ठीक दिसतात आणि मग अस्थिमज्जा खालावते, म्हणून गुणसूत्रं तुटतात का हे पाहणारी खास चाचणी मागून घ्यावी.

‘चारच बोटं राहतील’ हे ऐकून आईवडिलांचा जीव कासावीस होतो, आणि ते साहजिक आहे. तरीही लोंबता अंगठा हाडं-कंडरा जोडून उभा केला, तर तो बहुतेकदा कमजोर आणि ताठरच राहतो. तर्जनीपासून केलेल्या अंगठ्यात जिवंत स्पर्श आणि हलणारे सांधे असतात. ताकद मात्र नैसर्गिक अंगठ्याएवढी येत नाही. हाताची अंगठ्याकडची बाजूच अविकसित असेल तर तर्जनी मुळातच ताठर असते, आणि ताठर तर्जनीचा अंगठाही ताठरच होतो. तो ग्लास धरायला कामी येतो, सुई उचलायला नाही. हे सर्जनने आधीच स्पष्ट सांगायला हवं.