कोरडा दिवस आणि कोरी चौकट

काल खूप पाऊस पडला, असे दुसरीतले मूल भिजलेल्या दप्तरावरून सांगते आणि यंदा पाऊसच नाही, असे मोठी माणसे आठवणीतल्या एखाद्या ओल्या वर्षाशी ताडून सांगतात. दोन्ही विधाने खरी असू शकतात, पण ती तपासता येत नाहीत. तपासण्यासाठी एक बाटली, एक पट्टी, एक वही आणि सकाळची ठरलेली वेळ एवढे पुरते.

दोन लिटरच्या, सरळ बाजूंच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाने कापून द्यावा आणि मुलाने तो उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवावा. नरसाळ्यामुळे साठलेल्या पाण्याची वाफ कमी होते. तळ उंचसखल असल्याने त्यात थोडे खडे टाकून, बाजू जिथून सरळ होते तिथपर्यंत पाणी भरावे व त्या पातळीला शून्याची खूण करावी. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने कलंडतही नाही.

पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस लांबीच्या एककात का, असा प्रश्न एखादे चौकस मूल हमखास विचारते. त्याचे उत्तर शब्दांत देण्यापूर्वी एक अरुंद उभा डबा आणि एक रुंद, उभ्या काठांचे पातेले शेजारी शेजारी पावसात ठेवावे. पातेल्यात पाणी पुष्कळ जास्त जमते, पण पट्टी बुडवली की दोन्हींतील खोली जवळजवळ सारखीच निघते. भांडे कोणतेही असले तरी बदलत नाही ती ही खोली, म्हणून पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात. एक चौरस मीटर सपाट जागेवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी, हे कळले की गच्चीवर किती पाणी पडले याचा हिशेब मुले स्वतःच मांडू लागतात.

बाटली पागोळ्यांखाली किंवा झाडाखाली ठेवू नये. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखावे. भारतीय हवामान विभाग पावसाची दैनंदिन नोंद सकाळी ८.३० वाजता, मागील २४ तासांसाठी घेतो. मुलांनीही तीच वेळ पाळली, तर त्यांचा आकडा विभागाच्या आकड्याशेजारी मांडता येतो. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत हवा. वाचून झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावे, आणि उघडीप असली तर ते रोज बदलावे, नाहीतर प्रयोगशाळेत डास वाढतील.

आकडे जुळले नाहीत, तर मूल चुकले असे लगेच समजू नये. २७ जुलै २००५ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याने ७५ मिमीचाही आकडा गाठला नव्हता.

या सगळ्यात शिकवायला सर्वांत अवघड आहे ते शून्य. पाऊस पडला नाही, तर लिहायचे काय, असे म्हणून मुले ती चौकट कोरी सोडतात. पण ‘०’ म्हणजे पाहिले आणि पाणी नव्हते. कोरी चौकट म्हणजे पाहिलेच नाही. रविवारी राहून गेलेली नोंद सोमवारी अंदाजाने भरण्यापेक्षा तिथे ‘पाहिले नाही’ असे लिहिलेले मला शंभरपट बरे वाटते. सोमवारी मोजलेले पाणी दोन दिवसांचे आहे, एवढे मात्र शेजारी नमूद करावे.

आकड्याजवळ शब्दही असावा. भुरभुर, रिपरिप, सर, संततधार, वळीव हे भेद मराठीत आधीपासूनच आहेत आणि ते पट्टीला दिसत नाहीत. हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ ठरतो, त्यामुळे श्रावणातली एखादी हलकी सर मुलाला भिजवूनही त्या हिशेबात येत नाही.

घरात पंचांग असेल, तर आणखी एक गंमत करता येते. मृग, आर्द्रा ते हस्त अशा प्रत्येक नक्षत्राला त्यात बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव असे वाहन दिलेले असते आणि त्यावरून पावसाचे भाकीत करतात. नक्षत्रागणिक मिलिमीटरची बेरीज करणे तिसरीतल्या मुलालाही जमते. मात्र एका पावसाळ्यावरून म्हशीला किंवा कोल्ह्याला निकाल देता येत नाही. हवामानशास्त्रज्ञही एखाद्या ठिकाणची सरासरी ठरवायला साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदी धरतात, तेव्हा वही जरा जाड घ्यावी.