मळका फिल्टर जास्त गाळतो, मग बदलायचा कशाला?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कार्यालयाच्या गच्चीवर मेकॅनिकमामांनी एएचयूमधून फिल्टर ओढून काढला. हा कधीकाळी पांढरा होता, हे सांगूनही पटलं नसतं. बिल तपासायला वर आलेला हिशेबनीस म्हणाला, "मामा, पार निकामी झालाय की हा!" मामा शांतपणे म्हणाले, "उलट. आत्ता हा नव्यापेक्षा जास्त गाळतोय." त्यावर हिशेबनिसाचा प्रश्न तयार होता, "मग नवा कशाला घ्यायला लावताय?"

प्रश्न बिनतोड आहे. मामांचं म्हणणंही खरं आहे.

एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट, घरातल्या एसीचा थोरला भाऊ. पत्र्याची खोलीएवढी पेटी. आत ब्लोअर हवा ओढतो, ती आधी फिल्टरमधून आणि मग गार कॉइलमधून जाते. कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर दाटीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन. मोठ्या इमारतींत या नळ्यांतून साधारण 7 अंशांचं पाणी येतं आणि हवेतली उष्णता घेऊन 12 अंशांच्या आसपास परत जातं.

फिल्टर ही पिठाची चाळण आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. त्याच्या तंतूंमधल्या फटी धुळीच्या बहुतेक कणांपेक्षा मोठ्या असतात. मोठा कण अडकतो तो वेगामुळे: हवा तंतूला वळसा घालते, पण जड कणाला तेवढं झटकन वळता येत नाही. आंबा घाटात वळण न साधलेल्या बुलेटसारखा तो सरळ जाऊन आदळतो. अतिसूक्ष्म कणाची गत निराळी. हवेचे रेणू त्याला सारखे ढकलत असतात, तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात जातो आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतो. सगळ्यात निसटते ते मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या हेपा फिल्टरची परीक्षा त्याच आकारावर होते आणि 10,000 पैकी फार तर 3 कण सुटले तरच तो पास.

आता गंमत अशी की अडकलेली धूळ स्वतःच तंतूचं काम करू लागते. फटी अरुंद होतात, पुढचा कण आणखी सहज सापडतो. (काही कृत्रिम धाग्यांचे फिल्टर विद्युतभारावर कण ओढतात, तो भार ओसरला की ते आधी थोडे ढिले पडतात. बाकीच्यांना मामांचा नियम लागू.)

मग बिघडतं कुठे? हवेच्या वाटेत. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किती फरक आहे, हे मॅनोमीटर पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवतो. नव्या घडीच्या फिल्टरवर हा फरक 7 मिमीच्या आसपास असतो, आणि बरेच उत्पादक 25 मिमीला फिल्टर बदलायला सांगतात. तासाला 10,000 घनमीटर हवा फिरवणारं युनिट धरा. तेवढीच हवा चालू ठेवायची तर वरच्या 18 मिमीसाठी ब्लोअरला सुमारे 800 वॉट जास्त लागतात. दहा तासांची 8 युनिट वीज, रोज. हिशेबनिसाला हे लगेच समजलं.

पण ब्लोअरचा वेग वाढवायची सोय नसली, तर हवाच कमी होते, आणि बहुतेक ब्लोअरमध्ये मोटारीचे अँपिअर तेव्हा उलट उतरतात. अँपिअर कमी म्हणजे मशीन मजेत, असं समजणारे इथे हमखास फसतात.

यापेक्षा वाईट गोष्ट फ्रेमच्या कडेला घडते. फिल्टर तुंबला की दाबाचा फरक वाढतो आणि बाजूच्या प्रत्येक फटीतून हवा जोरात घुसते. फिल्टर उत्तम गाळतोय, पण हवेने आडवाट धरलीय. न गाळलेली धूळ थेट ओल्या कॉइलवर.

दर तीन महिन्यांनी फिल्टर बदला, हा करारातला नियम म्हणूनच मला कधी पटला नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्रीची वाळू आणि काजळी, इचलकरंजीकडे मागांवरून उडालेली कापसाची रुई, हंगामात गुऱ्हाळांचा धूर. रुई फिल्टरच्या तोंडावरच वाकळ अंथरते, काजळी खोल शिरते. या सगळ्यांना एकच तारीख कशी चालेल? मॅनोमीटरचा काटा बघावा. आणि फिल्टर जमिनीवर आपटून परत बसवू नये. त्यात तंतू तुटतात. धुण्याजोगा जाळीचा फिल्टर जरूर धुवावा, पण ओला बसवला तर बुरशीला आमंत्रण. हेपाला तर पाणी लावूच नये.

कॉइलच्या दोन फिनमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा असते. धूळ हवा शिरते त्या तोंडाशी जास्त साचते. म्हणून पाणी मारायचं ते उलट्या बाजूने, हलक्या दाबाने. समोरून जोराचा फवारा मारला की मळ आणखी आत जातो आणि फिन आडव्या होतात. मग फिनच्या फणीने एकेक सरळ करत बसा. कॉस्टिक सोडा घातलेल्या द्रावणाचा पांढरा फेस बघून मालक खूश होतात. त्या फेसात मळ कमी आणि हायड्रोजन जास्त असतो, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियमच खात असतं. सौम्य, न खाणारा क्लीनर वापरावा, आणि त्याआधी मेन स्विच बंद करून त्याला टाळं लावावं.

आपल्याकडे पावसाळ्यात कॉइलचं खरं काम हवा कोरडी करण्याचं असतं. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा तासाला 1,000 घनमीटर या हिशेबाने 13 अंशांपर्यंत गार केली की सुमारे 12 लिटर पाणी गळतं. तासाला जवळपास एक घागर! तेवढं पाणी काढायलाच आठेक किलोवॉट, म्हणजे दोन टनांहून जास्त गारवा खर्ची पडतो. मळामुळे हवेची वाट अरुंद झाली की उरलेल्या फटींतून ती वेगाने धावते आणि फिनवरचे थेंब उडवून डक्टमध्ये, म्हणजे छतातल्या हवेच्या पत्र्याच्या वाटेत नेते. छतावर डाग पडतात, आणि दोष गवंड्याला लागतो.

तासाची ती घागर कॉइलखालच्या ट्रेमधून नळीने बाहेर जाते. ब्लोअर कॉइलच्या पुढे बसून हवा ओढत असल्यामुळे ट्रेजवळ हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. नळीला यू आकाराचा ट्रॅप नसेल, तर बाहेरची हवा उलटी वर शोषली जाते, पाणी ट्रेमध्येच तुंबतं आणि त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. ट्रॅप असूनही एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी आटून जातं.

मामांनी नवा फिल्टर बसवला, कडेची गॅस्केट दाबून पाहिली. काटा 7 वर आला. मग त्यांनी हिशेबनिसाकडे तांब्याभर पाणी मागितलं. तो म्हणाला, "चहाच मागवतो की!" मामांनी ते पाणी घेतलं आणि ट्रॅपमध्ये ओतलं.