पुढचं गाणं आधीच सुरू होतं

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या अगदी शेवटी गाँगवर एक हलका ठोका पडतो आणि त्याचा नाद विरत जातो. मग क्षणभर शांतता. क्वीन या ब्रिटिश बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' ज्यांनी कॅसेटवर किंवा सीडीवर पुन्हा पुन्हा ऐकलाय, त्यांच्यासाठी ही शांतता रिकामी नसते. जॉन डीकनच्या बास गिटारचे ते ठाशीव सूर स्पीकरमधून येण्याआधीच डोक्यात वाजायला लागतात. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अजून सुरू झालेलं नसतं, पण मान डोलायला लागलेली असते.

खरं तर या दोन गाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक १९७५चं, दुसरं १९८०चं. एकात पियानो आणि ऑपेराचा थाट, दुसऱ्यात जवळजवळ नुसता ठेका. दोन वेगळ्या अल्बममधली ही गाणी शेजारी आली ती २६ ऑक्टोबर १९८१ रोजी ब्रिटनमध्ये निघालेल्या या संग्रहामुळे. पण एकदा तो कानात बसला की ती सुटी राहतच नाहीत. एक संपलं की दुसरं आलंच पाहिजे.

सतरा गाणी, साधारण तासाभराचा ऐवज. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२ मध्ये त्यानं तिथं सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला आणि हे जमलेला तो पहिलाच अल्बम ठरला. तरीही 'गाजलेल्या गाण्यांचा संग्रह' म्हटलं की दर्दी मंडळी नाक मुरडतात. खरा रसिक मूळ अल्बम ऐकतो, संग्रह म्हणजे सोपी वाट, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. असा संग्रह मेंदूला जे देतो, ते मूळ अल्बममधून क्वचितच इतक्या भरघोस प्रमाणात मिळतं. ती गोष्ट म्हणजे अपेक्षा: आता काय येणार हे माहीत असणं, आणि नेमकं तेच येणं.

दोन गाण्यांमधल्या त्या शांततेचाच अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात योसेफ राउशेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या ओळखीच्या सीडीमधल्या गाण्यांचे शेवटचे तुकडे ऐकवले, पुढे नुसती शांतता ठेवली, आणि त्या वेळी मेंदूचं एफएमआरआय, म्हणजे कोणता भाग कामाला लागलाय हे दाखवणारं, स्कॅन केलं. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. क्रम पाठ असलेल्यांच्या डोक्यात शांततेत पुढचं गाणं आपोआप उमटत होतं. मेंदूतही कपाळामागचा भाग आणि हालचालींची आखणी करणारा प्रीमोटर भाग जागा झालेला दिसत होता. कानावर काहीच पडत नसताना शरीर पुढच्या ठेक्याच्या तयारीला लागतं. मान आधीच का डोलते, याचा धागा बहुधा इथंच आहे.

आता या तयारीतून आनंद कुठून येतो? २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटानं एक देखणा प्रयोग केला. गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर हमखास शहारा येतो अशी माणसं त्यांनी निवडली आणि त्यांचं लाडकं संगीत ऐकवत मेंदूतलं डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, मोजलं. चवदार खाण्यानं किंवा जुगारातल्या जिंकण्यानं मेंदूतली जी यंत्रणा चेतते, तीच ही डोपामिनची यंत्रणा. शहारा आला त्या क्षणी न्यूक्लियस अकम्बन्स या भागात डोपामिन सुटत होतं, हे एका अर्थी अपेक्षितच होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी, 'आता ती जागा येणार' असं वाटत असताना, कॉडेट नावाच्या वेगळ्याच भागातही डोपामिन सुटत होतं. म्हणजे मेंदू दोनदा खूश होतो: एकदा वाट पाहताना, एकदा ती गोष्ट आल्यावर.

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत बसणाऱ्याला हे नवं वाटणार नाही. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा एकच तुकडा, सुरू झाली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं पडणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी समेवर आल्यावर 'वाह' निघतेच. नव्हे, ठाऊक असतं म्हणूनच निघते.

इथं एक रास्त शंका येते. पाठ झालेल्या गाण्यात धक्का उरतोच कुठं? आणि धक्का नसेल तर कंटाळा का येत नाही? यावर मला सर्वांत पटलेलं उत्तर जमशेद भरुचा या संज्ञानशास्त्रज्ञांचं आहे. हे मुंबईत वाढले आणि पुढे अमेरिकेत संशोधन करू लागले. त्यांनी संगीतातल्या अपेक्षेचे दोन प्रकार वेगळे केले. एक अपेक्षा त्या विशिष्ट गाण्याच्या आठवणीतून येते: इथं पुढे हाच सूर आहे. दुसरी आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या संगीतातून घडते: अशा स्वरानंतर सहसा असा स्वर येतो. ही दुसरी यंत्रणा आपोआप चालते आणि पहिलीचं ऐकत नाही. त्यामुळे गाणं शंभरदा ऐकलं तरी आठवण म्हणते 'आता वळण आहे' आणि सवय म्हणते 'सरळ जाणार'. वळण येतं तेव्हा आठवण खरी ठरते आणि सवयीला पुन्हा धक्का बसतो. २०१९ मध्ये व्हिन्सेंट चेउंग आणि सहकाऱ्यांनी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीतल्या ७४५ गाण्यांतल्या ८०,००० कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचं) गणिती विश्लेषण केलं आणि त्यांतल्या कॉर्डमाला लोकांना ऐकवल्या. सर्वाधिक सुख दोन ठिकाणी सापडलं: पुढे काय येणार याची खात्री वाटत असताना अनपेक्षित कॉर्ड आली तेव्हा, आणि काहीच खात्री नसताना ओळखीची कॉर्ड आली तेव्हा.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या दृष्टीनं जरूर ऐका. सहा मिनिटांना जेमतेम पाच सेकंद कमी, आणि एवढ्या वेळात परत परत येणारं ध्रुवपद नाही. संथ पियानो, गिटारचा आलाप, मग अचानक ऑपेराचा कोलाहल, मग धडाडून रॉक, आणि शेवटी पुन्हा तोच संथपणा. ऑपेराच्या भागात मोठं वृंदगान ऐकू येतं, पण गाणारी माणसं बँडमधली तीनच: मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तेच आवाज टेपवर थरावर थर चढवत गेले. हे गाणं संग्रहाच्या पहिल्या जागी ठेवणाऱ्याला मला मनापासून दाद द्यावीशी वाटते. हे वळणावळणाचं गाणं संपल्यावर, एकाच ठेक्याला चिकटून राहणारं दुसरं गाणं कानाला मोकळं करतं.

मात्र अपेक्षा जागी व्हायला गाणं ओळखू यावं लागतं, आणि ती ओळख थक्क करणाऱ्या वेगानं पटते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी १९९९ मध्ये गाजलेल्या गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे तुकडे ऐकवले, तरी अंदाजानं जमतील त्यापेक्षा कितीतरी जास्त गाणी लोकांनी ओळखली. एवढ्या वेळात चाल कळत नाही, शब्द कळत नाहीत. कळतो तो फक्त आवाजाचा पोत. आणि पोताची गोष्ट निघाली की फ्रेडीपाशी थांबावंच लागतं.

त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्म, आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथल्या वसतिगृहात राहून तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. पुढे ज्याच्या आवाजावर शोधनिबंध लिहिला गेला, त्यानं लोकांसमोर वाजवायची सुरुवात सह्याद्रीच्या माथ्यावर केली, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

तो शोधनिबंध २०१६चा. ऑस्ट्रियाचे आवाजतज्ज्ञ क्रिस्टियन हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी फ्रेडीच्या सहा मुलाखती तपासल्या. त्याच्या बोलण्याची सरासरी कंपनसंख्या ११७ हर्ट्झच्या आसपास निघाली. पाश्चात्त्य संगीतात अशा आवाजाला बॅरिटोन म्हणतात, म्हणजे पुरुषी आवाजातला मधला. गाताना मात्र तो सहज टेनरच्या, म्हणजे चढ्या पुरुषी आवाजाच्या, वरच्या पट्टीत वावरायचा. त्याच्या आवाजाची व्याप्ती चार सप्तकांची, असं सर्रास सांगितलं जातं. या अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही. तीन सप्तकं आणि वर थोडं, एवढं हाती लागलं, आणि तेही काही कमी नाही.

माझ्या मते खरा खजिना पुढे आहे. लांबवलेल्या सुरात गायकाचा आवाज किंचित खालीवर थरथरतो, त्याला व्हिब्राटो म्हणतात. तालमीच्या गायकांत ही थरथर सहसा सेकंदाला साडेपाच-सहा वेळा होते आणि बरीच एकसारखी असते. फ्रेडीची सेकंदाला सातच्या घरात होती, आणि शिवाय ती अनियमित होती. दुसरी गोष्ट त्याच्या आवाजातल्या खरखरीची. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या एरवी बोलण्यात भाग घेत नाहीत. संशोधकांनी एका व्यावसायिक रॉक गायकाला फ्रेडीची नक्कल करायला सांगितलं आणि सेकंदाला ४,००० हून जास्त चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं त्याचा गळा पाहिला. तेव्हा खऱ्या स्वरतंतूंच्या तीन कंपनांमागे त्या वरच्या घड्यांचं एक कंपन असा मेळ दिसला. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातले गायक याच घड्या वापरून खर्जातला गाढ आवाज काढतात. पाठ असलेला सूरही प्रत्येक वेळी जिवंत का वाटतो, याबद्दल माझा तर्क असा: सूर कधी येणार हे आठवणीला माहीत असतं, पण त्याच्या पोटातली ती अनियमित थरथर तिला कधीच पूर्ण पाठ होत नाही.

हे सारं त्या काळात तरुण असलेल्यांपुरतं मर्यादित असेल, असं वाटू शकतं. पौगंडावस्थेत आणि विशीच्या सुरुवातीला ऐकलेलं संगीत आयुष्यभर घट्ट चिकटतं, हे तर खरंच. पण २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल यांना विशीतल्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट आढळली. त्यांचे आईवडील तरुण असतानाची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गाणीही त्यांना जवळची वाटत होती आणि त्यांतून आठवणी जाग्या होत होत्या. घरात जे वाजतं ते मुलांच्या कानात मुरतं. आणि घरात किंवा गाडीत वाजायला संग्रहाइतकं सोयीचं दुसरं काय असणार?

आता संग्रहाची शेवटची जोडगोळी. 'वी विल रॉक यू' सुरू होतं ते नुसत्या पायांच्या आपटण्यानं आणि टाळीनं. हे लिहिणारा ब्रायन मे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात अवकाशातल्या धुळीवर पीएचडी करत होता. बँडसाठी ती अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये पुरी केली. गाण्यात हजारो माणसं आहेत असं वाटायला हवं होतं, आणि स्टुडिओत होती मोजकी. त्यानं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखा विचार केला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी आपल्याला सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा ऐकू येते, जवळच्याची लगेच. म्हणून त्यानं रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांना वेगवेगळ्या उशिरानं एकेकदा पुन्हा वाजवलं, आणि त्यासाठी कल्पिलेली अंतरं, त्यानंच नंतर सांगितल्याप्रमाणे, मूळ संख्यांची (७, ११, १३ अशा, फक्त एकानं आणि स्वतःनं भाग जाणाऱ्या) घेतली. का, ते पाहा. ठोके दर दहा मिलिसेकंदांनी आले असते, तर त्या नियमितपणातून १०० हर्ट्झचा एक गुणगुणता सूर तयार झाला असता आणि कानानं फसवणूक लगेच पकडली असती. मूळ संख्यांना एक सोडून समान विभाजक नसतो, त्यामुळे ठोक्यांत लय जुळत नाही. ऐकू येतो तो नुसता जमाव.

आणि त्या जमावाला गायला लावणारं 'वी आर द चॅम्पियन्स' सगळ्यात शेवटी. १९७७ मध्ये ही दोन्ही गाणी एकाच सिंगलवर निघाली होती. 'चॅम्पियन्स' लिहिताना डोळ्यांसमोर फुटबॉलचं मैदान होतं, असं फ्रेडीनं सांगितलं होतं. अॅलिसन पॉली आणि डॅनिएल म्युलेनसीफेन या संशोधकांनी उत्तर इंग्लंडमधल्या पबांत आणि क्लबांत रात्री बसून कोणतं गाणं लागल्यावर किती लोक सोबत गातात, याची नोंद केली. लोकांना हमखास गायला लावणाऱ्या गाण्यांत हे गाणं वरच्या टोकाला होतं. अशा गाण्यांत काही गोष्टी समान दिसल्या: पुरुषाचा छातीतून काढलेला चढा आवाज, त्यात जाणवणारा जोर, स्पष्ट व्यंजनं आणि मोजकी नक्षी. या गाण्याच्या ध्रुवपदात या चारही गोष्टी आहेत. फ्रेडीच्या पट्टीत ते गाणं बहुतेकांना झेपणारं नाही. तरी ध्रुवपदाच्या आधी पियानो चढू लागला की लोक श्वास भरून तयार असतात.