टॅटू आहे आणि ओनसेनला जायचंय? आधी हे वाचा

जपानची सहल ठरवायला आलेली मंडळी फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन असं सगळं विचारून झालं की उठता उठता हळूच बाही वर करतात. दंडावर राजमुद्रा, नाहीतर मनगटावर आईचं नाव. "यामुळे गरम पाण्याच्या कुंडात घेत नाहीत म्हणे?" वारंवार येणाऱ्या या प्रश्नासाठीच हे पत्रक काढलं आहे.

ऐकलेलं अर्धंच खरं आहे. टॅटू असलेल्या माणसाने ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या कुंडात, उतरू नये असा जपानमध्ये कायदा नाही. नियम ज्या त्या मालकाचा. तिथल्या पर्यटन खात्याने २०१५ साली हॉटेलं आणि र्योकान, म्हणजे पारंपरिक पद्धतीची निवासगृहं, यांच्याकडे चौकशी केली. उत्तर देणारे सुमारे ६०० होते. त्यांपैकी ५६ टक्क्यांनी 'सामायिक स्नानगृहात घेत नाही' म्हटलं, ३१ टक्क्यांनी 'हरकत नाही' आणि उरलेल्या १३ टक्क्यांनी 'झाकून या'.

यामागे जुना इतिहास आहे. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) गुन्हेगारांच्या अंगावर शिक्षेची खूण गोंदत. त्यानंतर आलेल्या मेइजी सरकारने १८७२ मध्ये गोंदण्यावरच बंदी घातली, ती १९४८ मध्ये उठली. पण तोवर, आणि त्यानंतरही, पाठभर गोंदण म्हणजे याकुझा या गुन्हेगारी टोळीतला माणूस हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. तुमची राजमुद्रा कोणाची, हे काउंटरवरच्या मुलीला कुठून कळणार? ती मालकाने लावलेल्या पाटीप्रमाणे वागते. तिच्याशी हुज्जत घालू नका.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. सासूबाईंच्या कपाळावरचं हिरवं गोंदण किंवा आजीच्या हातावरची तुळस, हेही तिथे टॅटूच ठरू शकतं. लग्नानंतर लगेच निघालेल्या नवरीच्या हातावरची मेंदीही लांबून तशीच दिसते. घरातल्या सगळ्यांचं आधी सांगा.

यावर सोपा उपाय खासगी स्नानाचा. बहुतेक ठिकाणी टॅटूचा नियम सामायिक कुंडापुरता असतो. दार लावून तुम्ही एकटे किंवा घरचे आत असाल तर कोणाची हरकत नसते. 'बहुतेक' म्हटलं, कारण सरसकट नकार देणारीही ठिकाणं आहेत. म्हणून आम्ही प्रत्येक बुकिंगला लेखी विचारतो.

पण 'खासगी' या एका शब्दात तीन वेगळ्या सोयी येतात, आणि घोटाळा इथेच होतो.

पहिली काशिकिरी-बुरो. र्योकानचं वेगळं छोटं कुंड, जे ४० ते ६० मिनिटांसाठी फक्त तुमचं. काही ठिकाणी हे फुकट असतं: रिकामं दिसलं की आत जायचं, कडी लावायची. काही ठिकाणी साधारण दोन ते पाच हजार येन पडतात आणि वेळ चेक-इनच्या वेळी वहीत लिहून देतात. अशा ठिकाणी संध्याकाळी सातला पोहोचलात तर जेवणाआधीच्या वेळा गेलेल्या असतात आणि तुमच्या वाट्याला रात्री साडेदहा येतात. चेक-इन बहुधा दुपारी तीनला सुरू होतं. त्याच सुमाराला पोहोचा.

दुसरी सोय खोलीलाच जोडलेल्या कुंडाची. उघड्यावर असेल तर त्याला रोतेनबुरो म्हणतात. घड्याळाकडे न बघता पहाटेही उतरता येतं, त्यामुळे टॅटू असलेल्यांना आमची पहिली शिफारस हीच. महाग आहे, आणि र्योकानचा दर खोलीमागे नव्हे, माणशी असतो (बहुधा रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून). पण फोटोतल्या वाफेला भुलू नका. खोलीतल्या टबात कधी कधी साधं नळाचं तापवलेलं पाणी असतं. जपानी कायद्याप्रमाणे उगमाशी किमान २५ अंश तापमान किंवा ठरावीक १९ घटकांपैकी एक तरी पुरेसा असेल तरच ते ओनसेन. माहितीत 'गेनसेन काकेनागाशी' असेल तर झऱ्याचं पाणी सतत वाहतं आहे, पुन्हा फिरवून वापरलेलं नाही.

तिसरी काझोकु-बुरो, कुटुंबाचं स्नानगृह. मुक्काम न करता तासाच्या हिशेबाने मिळतं. क्यूशू बेटावर, विशेषतः कुमामोतो आणि ओइता भागात ही पद्धत फार. काही ठिकाणी नाणी टाकली की कुंड ताज्या पाण्याने भरतं. गाडी घेऊन फिरणाऱ्यांना हे सगळ्यात स्वस्त.

सामायिक कुंडाचाही अनुभव हवा असेल तर क्योटो-ओसाकाहून अडीच-पावणेतीन तासांवरचं किनोसाकी हे ओनसेनचं गाव बघा. तिथल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो. संध्याकाळी युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, घालून, लाकडी खडावा वाजवत लोक एकातून दुसऱ्यात जातात. आमच्या मते जोडप्यांसाठी याहून छान संध्याकाळ नाही. टॅटू झाकायच्या चिकटपट्ट्यांवर मात्र आमचा भरवसा नाही: साधारण तळहाताएवढ्या, फिकट रंगाच्या, आपल्या सावळ्या दंडावर टॅटूपेक्षा त्याच जास्त उठून दिसतात.

स्वतः विचारायचं झालं तर एवढं वाक्य पुरे: "तातू गा आरिमासु गा, काशिकिरी-बुरो वा दाइजोबु देसु का?" म्हणजे, टॅटू आहे, पण खासगी कुंड चालेल ना?

आतली रीत मोरीत पाटावर बसून आंघोळ केलेल्यांना लगेच जमेल. बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, पूर्ण धुवायचा, मग कुंडात. वज्रेश्वरीला कपड्यांसकट उतरतात तसं इथे नाही; खासगी कुंडातही कपडे घालून उतरत नाहीत. साबण, टॉवेल, मोकळे केस पाण्यात नकोत. काशिकिरी-बुरोतून निघताना पाणी सोडून देऊ नका, पुढच्या कुटुंबाला तेच वापरायचं असतं. पाणी ४० ते ४२ अंश असतं, पहिल्यांदा पाच-सात मिनिटं पुरेत.

गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, करदोटा खोलीतच काढून ठेवा.

बुकिंगसाठी आम्हाला टॅटूचा फोटो नको. कुठे आहे आणि साधारण केवढा, एवढं पुरे. तारखा, माणसं, शाकाहारी किती (तिथल्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, म्हणून हे आधीच कळवावं लागतं) आणि वरच्या तीनपैकी कोणती सोय हवी ते लिहून द्या. र्योकानचं लेखी उत्तर आल्याशिवाय आम्ही तुमच्याकडून पैसे घेत नाही. आणि सहलीच्या तोंडावर नवा टॅटू काढायचा विचार असेल तर तो परतल्यावर काढा; ओली जखम घेऊन कुठल्याच कुंडात उतरता येत नाही, खासगी असलं तरी.