कुत्रीची आभासी गर्भधारणा

नराशी संबंध आलेला नसताना, किंवा येऊनही गर्भ राहिलेला नसताना, कुत्रीच्या अंगात आणि वागण्यात गाभण किंवा नुकत्याच व्यालेल्या मादीची लक्षणे दिसू लागतात, त्या अवस्थेला आभासी गर्भधारणा म्हणतात. बोलताना ‘खोटी गाभण’ असेही म्हटले जाते. नसबंदी न झालेल्या कोणत्याही कुत्रीत ती दिसू शकते, अगदी पहिल्या माजानंतरही. डॅशहंड, बीगल आणि अफगाण हाउंड या जातींत ती विशेष आढळते. बहुतेक वेळा हा आजार नसून कुत्रीच्या शरीराचा नेहमीचा क्रमच ठळकपणे दिसत असतो. घरच्यांना मात्र ते पटकन पटत नाही, कारण समोर दिसते ते काळजाला भिडणारे असते.

माज संपून दीड-दोन महिने झालेले असतात. परवापर्यंत चेंडूमागे धावणारी वर्ष-दोन वर्षांची कुत्री खेळायला उठत नाही. पलंगाखाली किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी फरशी खरवडते, पायपुसणे आणि जुनी चादर ओढून नेऊन गोल गोल फिरत जागा करते. मग एखादे रबरी खेळणे किंवा कुणाचा तरी मोजा दातांची खूण उमटणार नाही इतक्या हळुवारपणे तोंडात धरून तिथे आणते, पोटाशी घेते आणि चाटत बसते. कुणी हात पुढे केला की गुरगुरते. रात्री बारीक आवाजात कण्हते. तिच्या लेखी ते पिल्लूच असते.

अंगावरच्या खुणाही तितक्याच स्पष्ट असतात. कुत्रीला साधारणपणे सडांच्या पाच जोड्या असतात. त्यांतल्या मागच्या जोड्या आधी भरून येतात. दाबल्यास पाण्यासारखा किंवा तपकिरी द्रव येतो आणि काही जणींना चक्क पान्हा फुटतो. भूक मंदावते, अधूनमधून उलटी होते, पोट किंचित सुटलेले दिसते. प्रत्येकीत सगळीच लक्षणे दिसतात असे नाही. एखादी नुसतीच उदास होते.

याचे कारण समजायला गाईशी तुलना उपयोगी पडते. गाय गाभण राहिली नाही तर सुमारे 21 दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गर्भ नाही हे तिच्या गर्भाशयाकडून कळते आणि बीजांडकोशातला पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, संप्रेरक बनवणारी गाठ) विरघळतो. कुत्रीत असा निरोप जातच नाही. गर्भ असो वा नसो, तिचे पीतपिंड दोन महिन्यांच्या आसपास प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक बनवत राहतात. खरी गर्भधारणाही सुमारे 63 दिवसांचीच असते. मुदत भरत आली की प्रोजेस्टेरॉन उतरते, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक चढते आणि दूध व मायेचे वागणे सुरू होते. म्हणून ‘तिला पिल्लांची फार ओढ आहे’ किंवा ‘एकदा व्याली की हे थांबेल’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत. व्यालेल्या कुत्रीलाही पुढच्या माजानंतर हेच होऊ शकते. लांडग्यांच्या कळपात एरवी एकच मादी विते. बाकीच्यांना त्याच सुमारास पान्हा येत असेल तर पिल्लांचे संगोपन सोपे होते, असे या अवस्थेचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पोरकी पिल्ले अशा कुत्रीच्या अंगावर वाढल्याचीही उदाहरणे आहेत.

आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना मानला जातो. त्या सुमारास माजावर आलेल्या गावठी कुत्रीत ही लक्षणे दिवाळीच्या आसपास दिसतात आणि तिचे पलंगाखाली दडणे फटाक्यांच्या भीतीवर ढकलले जाते. सडांकडे एकदा नजर टाकली तर फरक कळतो. पाळीव जातिवंत कुत्री मात्र वर्षातून साधारण दोनदा, कोणत्याही ऋतूत माजावर येते. म्हणून माजाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या बऱ्या.

नर जवळपास आला असण्याची थोडीही शक्यता असेल तर अंदाजावर राहू नये. साधारण चार आठवड्यांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतो, तर 45 दिवसांनंतर एक्स-रेमध्ये पिल्लांची हाडे दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा आजार याच दिवसांत होतो आणि तो जीवघेणा आहे. कुत्री सारखे पाणी पीत असेल, फार लघवी करत असेल, योनीतून पू किंवा दुर्गंधी स्राव येत असेल, ताप किंवा गळाठा असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. स्राव दिसत नाही म्हणून धोका नाही असे समजू नये, कारण गर्भाशयाचे तोंड बंद असले तर पू आतच साठतो. एखादा सड लाल-निळा, कडक आणि गरम लागला, हात लावू देईना, तर तो स्तनदाह असू शकतो. त्यालाही उपचार लागतात.

एरवी दोन-तीन आठवड्यांत सारे आपोआप ओसरते. तोवर सडांना हात न लावणे हा सर्वांत मोठा उपचार आहे. तिला हलके वाटावे म्हणून लोक दूध पिळून काढतात, शेकतात, चोळतात. त्यामुळे दूध वाढतच जाते. ती स्वतः चाटत असेल तर गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी किंवा जुना टी-शर्ट चढवावा. बाळंतिणीसारखे जादा दूध-तूप देऊ नये, पाणी मात्र कधीही तोडू नये. जपून ठेवलेले खेळणे तिच्या तोंडातून हिसकावू नये आणि तिला रागावू नये. ती फिरायला बाहेर गेली की ते आणि तिची चादर गुपचूप उचलावी. फिरणे थोडे वाढवावे. घरात लहान मुले असतील तर त्यांना तिच्या कोपऱ्यापासून लांब ठेवावे, कारण एरवी गरीब असलेली कुत्रीही या दिवसांत चावू शकते.

त्रास जास्त असेल तर पशुवैद्य कॅबरगोलिन देतात. ते प्रोलॅक्टिन दाबते आणि साधारण आठवडाभर द्यावे लागते. उलटी थांबवायला घरातली मेटोक्लोप्रमाइडची गोळी देणे मात्र उलटे पडते, कारण तिने प्रोलॅक्टिन वाढते. प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांनी लक्षणे तात्पुरती दबतात, औषध उतरले की परततात, शिवाय गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

दर माजानंतर हेच होत असेल आणि पिल्ले नको असतील तर नसबंदी हा कायमचा उपाय आहे. पण लक्षणे चालू असताना नसबंदी करू नये. बीजांडकोश काढताच प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळते आणि खोटी गाभण लांबते. माज संपल्यावर लगेच शस्त्रक्रिया केली तर ती काही दिवसांत नव्याने सुरूही होऊ शकते. दूध पूर्ण आटल्यावर, माजानंतर साधारण तीन-चार महिन्यांनी, शरीर शांत असते. शस्त्रक्रियेची तारीख तेव्हाची घ्यावी.