रेशमी हॅटवाला माक्स लिंडर

माक्स लिंडर हा मूकपटांच्या काळातला फ्रेंच विनोदी नट. त्याच्या आधी फ्रेंच पडद्यावरचा विनोदवीर म्हणजे आपटणारा, फर्निचर मोडणारा, तोंडे वेडीवाकडी करणारा गडी. पाथे या चित्रपट कंपनीचा आंद्रे दीद त्यातलाच. लिंडरने या विनोदाला कडक इस्त्रीचे कपडे चढवले: उंच रेशमी हॅट, लांब कोट, छडी, कोरलेली मिशी. गृहस्थ तालेवार, फजिती मात्र चारचौघांसारखी.

खरे नाव गाब्रिएल लव्हिएल. जन्म १८८३, बोर्दोजवळ सँ-लुबेसला, द्राक्षमळेवाल्या घरात. बोर्दोत नाट्यशिक्षण घेऊन तो पॅरिसला आला आणि १९०५ पासून दिवसा पाथेकडे चित्रीकरण, रात्री नाटक असे सुरू झाले. १९०७ मध्ये बर्फावर घसरत स्केटिंग शिकताना हा छानछोकी माक्स पहिल्यांदा दिसला. दीद इटलीला गेल्यावर पाथेच्या विनोदपटांची मदार त्याच्यावर आली.

पहिल्या महायुद्धात तब्येत ढासळली ती कायमची. अमेरिकेतल्या एसने या चित्रपट कंपनीला चॅप्लिन सोडून गेल्यावर तिने १९१६ साली लिंडरला बोलावले. ठरले होते बारा चित्रपट, झाले तीन. चॅप्लिनने मात्र स्वतःला त्याचा शिष्य म्हणवून घेतले.

त्याचे सर्वात बांधेसूद काम १९२१ मधले, 'सेव्हन यर्स बॅड लक'. नोकराच्या हातून आरसा फुटतो. नवा येईपर्यंत बोभाटा नको म्हणून आचारी मालकाचेच कपडे घालून रिकाम्या चौकटीमागे उभा राहतो. माक्स दाढी करायला येतो. यात कॅमेऱ्याची करामत नाही, सगळी मदार तालमीवर: माक्सचा उजवा हात उठला की समोरच्याचा डावा उठायला हवा, तोही त्याच क्षणी. क्षणभर उशीर झाला की आरसा खोटा ठरतो, आणि गंमत तर त्या उशिराच्या भीतीतच आहे.

ऑक्टोबर १९२५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्याचा आणि पत्नीचा अंत झाला. मुलगी मोद तेव्हा तान्ही होती. पुढे तिनेच उरलेली रिळे गोळा करून १९६३ आणि १९८३ मध्ये त्यांवर चित्रपट केले.

त्याचे मूकपट बघताना वेग तपासावा. सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम) १०० मीटर फिल्म साधारण साडेपाच मिनिटे चालते. बोलपटाच्या २४ चौकटींनी लावली तर पावणेचार मिनिटांतच संपते. मग माणसे तुरुतुरु पळतात आणि लिंडरची नुसती भुवई उचलून थांबण्याची लकब दिसतच नाही.