वाचनालयातील उपक्रम (कोकण)

कोकण किनाऱ्यावरील लहान शहरांत व तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालये पुस्तकांच्या देवघेवीखेरीज जे कार्यक्रम करतात, त्यांना मिळून 'वाचनालयाचे उपक्रम' म्हटले जाते. व्याख्यानमाला, काव्यवाचन, अभिवाचन, दिवाळी अंक योजना, मुलांच्या स्पर्धा, ग्रंथप्रदर्शने, लेखकाशी गप्पा हे त्यांचे नेहमीचे प्रकार. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विचार केला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याही आधी, 1948 पर्यंत, सावंतवाडी हे तर स्वतंत्र संस्थानच होते. जुने उल्लेख पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

संज्ञा : बोलण्यात 'वाचनालय', कायद्यात 'सार्वजनिक ग्रंथालय', तर पाट्यांवर 'नगर वाचनालय' किंवा 'वाचन मंदिर' असे शब्द आढळतात. काटेकोरपणे पाहिल्यास वाचनालय ही बसून वाचण्याची जागा आणि ग्रंथालय हा ग्रंथांचा साठा. व्यवहारात हा भेद कोणी पाळत नाही. स्थापनावर्षाच्या वादात मात्र तो कामाला येतो, कारण वृत्तपत्रे ठेवण्याची खोली, वर्गणीदारांची पहिली सभा आणि संस्थेची रीतसर नोंदणी यांपैकी कोणत्या घटनेपासून वर्ष मोजायचे, यावर उत्तर बदलते.

प्रारंभ : रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना 1828 ची सांगितली जाते व त्याआधारे ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचनालय मानले जाते. अहमदनगर (1838), नाशिक (1840) व पुणे (1848) येथील वाचनालये त्यानंतरची होत. त्याही मागे जाणारे काही लेखक मुंबई सरकारच्या 1808 च्या योजनेकडे बोट दाखवतात. साहित्याला उत्तेजन देण्यासाठी राखलेल्या निधीतून प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती नोंदलेल्या ग्रंथालयांना द्याव्यात, अशी ती योजना होती. परंतु त्या सुमारास मुंबई इलाख्यात देशी भाषांतील छपाई बाल्यावस्थेतच होती. त्यामुळे किनाऱ्यावरील वाचनालयांचा वंश या योजनेपर्यंत नेणे धाडसाचे ठरेल.

1828 हे वर्ष स्वीकारले तरी त्या वेळच्या वाचकाचा प्रश्न उरतोच. मराठीतील पहिले वृत्तपत्र म्हणून सामान्यतः मान्यता असलेले 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. म्हणजे त्याआधीच्या वाचनालयात मराठी वाचकाच्या हाती पडण्याजोगे फारसे काही नसणार; संग्रह बव्हंशी इंग्रजी व वाचकवर्ग कचेरीपुरता असणार, असे अनुमान निघते. मराठी वाचकासाठी चालणाऱ्या व उपक्रमांना आधार होऊ शकतील अशा संस्था शतकाच्या उत्तरार्धात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर (1852), चिपळूणचे आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर (1864) व वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय (1871) या काळातील आहेत. त्या काळी अशा संस्था बहुधा 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखल्या जात. आजची नावे नंतरची. चिपळूणचे नाव तर उघडच 1920 नंतरचे.

उपक्रमांच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार सभा, निबंधवाचन व व्याख्यान हे प्रकार इंग्रजी विद्या घेतलेल्या मंडळींच्या सभांतून वाचनालयात आले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला (1875) हा त्याचा ठळक नमुना. दुसरे मत श्रवणाच्या जुन्या परंपरेवर भर देते. चातुर्मासात ओटीवर किंवा देवळात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारख्या पोथ्या एकाने वाचायच्या, गावाने ऐकायच्या आणि शेवटी समाप्तीचा प्रसाद वाटायचा, ही रीत कोकणात घट्ट होती. वृत्तपत्रही पुढे असेच एकाने मोठ्याने वाचले व दहांनी ऐकले. संस्थेचा साचा पहिल्या मताला दुजोरा देतो. श्रोते कसे जमतात व कसे ऐकतात हे पाहिले, तर दुसरे मत अधिक पटते.

कायदा व अनुदान : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा असून तो 1 मे 1968 पासून अमलात आला. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती, तशी ती यात नाही. येथील वाचनालये नागरिकांच्या नोंदणीकृत संस्था चालवतात व शासन त्यांना मान्यता आणि अनुदान देते. त्यासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडलेले आहेत. सभासदांची वर्गणी, देणग्या व अनुदान या तीन आधारांवर संस्था उभी असल्याने उपक्रम हा देणगीदारांपुढे जाण्याचाही मार्ग असतो. वार्षिक अहवालातही उपक्रमांची यादी लागते. प्रतिमेला हार घालून पाच मिनिटांत उरकलेली जयंती आणि तीन संध्याकाळची व्याख्यानमाला त्या यादीत एकेका ओळीतच बसतात. या सगळ्याचा भार ज्या ग्रंथपालावर पडतो, त्याचे वेतन मात्र तुटपुंजे असते.

वर्षक्रम : शासकीय दिनांमुळे वर्षाचा सांगाडा सर्वत्र सारखाच झाला आहे. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची जयंती व 2015 पासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. कोकणाचे वेगळेपण या तारखांच्या मधल्या जागांत दिसते. जून ते सप्टेंबर पाऊस व वीज यांचा भरवसा नसल्याने बाहेरगावचा वक्ता सहसा बोलावत नाहीत. कार्यक्रम वाचनकक्षातच, स्थानिकांचे आणि उजेड असेतो होतात. गणपतीत गाव माणसांनी भरलेला असला तरी वाचनालयात शुकशुकाट असतो. चाकरमानी वाचनालयाकडे वळतात ते मे महिन्यात. मुलांची शिबिरे, कथाकथन, जुन्या सभासदांच्या भेटी व पुस्तकांच्या देणग्या याच दिवसांत होतात. देणगीत येणाऱ्या पुस्तकांत जुनी पाठ्यपुस्तकेही बरीच असतात, हे जाता जाता नोंदवायला हवे.

पाऊस सरला की दमट हवेने धरलेली बुरशी व कसर घालवण्यासाठी पुस्तकांना ऊन दाखवण्याचे काम निघते. हा उपक्रम म्हणून कुठे नोंदला जात नाही. परंतु ज्येष्ठ सभासद व शाळकरी मुले त्यात हौसेने हात लावतात आणि कपाटाच्या तळाशी गेलेली पुस्तके त्या निमित्ताने पुन्हा वाचकांपुढे येतात.

दिवाळी अंक योजना : सभासदांचा सर्वाधिक प्रतिसाद बहुधा या योजनेला मिळतो. ठरावीक जादा वर्गणी घेऊन नवे अंक फिरते ठेवले जातात. मागणी असलेला अंक दोन-तीन दिवसांत परत करावा लागतो. मराठीतील पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'चा (1909) मानला जातो. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. म्हणजे या प्रथेचा एक धागा सावंतवाडी परिसरातील आजगावला पोचतो.

इतर : जानेवारीत महिला सभासदांचे हळदीकुंकू व त्याला जोडून पुस्तकपरिचय होतो. सिंधुदुर्गात मालवणी कवितांचे वाचन रंगते. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या (स्थापना 1991) स्थानिक शाखांचे कार्यक्रमही अनेकदा वाचनालयाच्याच सभागृहात होतात.

मोठ्या संमेलनाची जबाबदारी लहान शहराच्या वाचनालयाने उचलल्याचे उदाहरण चिपळूणचे. 86 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी 2013 मध्ये तेथे भरले व लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही त्याची निमंत्रक संस्था होती. अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले होते. जुलै 2005 व 22 जुलै 2021 या दोन्ही महापुरांत वाशिष्ठीचे पाणी याच वाचनालयात शिरून ग्रंथांचे नुकसान झाले.